आजाऱ्याच्या उशाशी गायन कशासाठी?

घरात माणूस आजारी पडले म्हणजे आपण दोन गोष्टी करतो. डॉक्टरला बोलावतो आणि उशाशी बसून देवाचे नाव घेतो. डॉक्टर कशासाठी, हे कोणी विचारीत नाही. नाम कशासाठी, हे मात्र विचारले जाते. आणि तेही माणूस गेल्यावर. आजारी उठून बसला तर नामाचा महिमा झाला. नाही उठला तर? मग कुणाचे तरी कमी पडले असे ठरते. नामाचे कमी पडले असे म्हणण्याची आपली छाती होत नाही, म्हणून घरच्यांचा भाव कमी पडला असे म्हणून आपण मोकळे होतो.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आषाढीला कोल्हापुराहून नंदवाळला जाताना वाटेत एका बाईंनी मला थांबविले. त्यांचे यजमान चार महिने अंथरुणाला खिळून गेले. रोज उशाशी हरिपाठ चालला होता. दहाव्या दिवशी समाचाराला आलेल्या कुणी शहाण्याने त्यांना सांगितले, "भाव पक्का असता तर देवाने ऐकले असते." बाई मला विचारीत होत्या, "बुवा, खरंच का हो असं असतं?" मी म्हटले, "नाही माय, असं नसतं." परंतु 'नाही' म्हणणे सोपे, ते का नाही हे सांगणे अवघड. या प्रश्नावर शेकडो वर्षे विचार केलेला एक समाज आपल्याच मुलखात, आपलीच मराठी बोलत नांदला आहे. त्याची वाट आज आपण पाहू.

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत बेने इस्राएल म्हणून ज्यू लोक राहत आले. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पोथ्या गेल्या, हिब्रू भाषा गेली, पण 'शेमा' ही देव एकच आहे असे सांगणारी छोटी प्रार्थना त्यांच्या ओठावर राहिली. जन्माला तीच, लग्नाला तीच, मरणालाही तीच. पुढे त्यांचा धर्मग्रंथांशी पुन्हा परिचय झाला, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

आम्हा कीर्तनकारांना कौतुक वाटावे अशी गोष्ट तर पुढेच आहे. १८८० च्या सुमारास मुंबईत या मंडळींनी आपले हरिकीर्तन पाहून स्वतःचे कीर्तन सुरू केले. आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे. पण साकी, दिंडी, आर्या आपल्या. त्यांची पुस्तकेही छापली गेली. अर्थ त्यांचा, वृत्त आपले. देवाणघेवाण याहून चांगली कोणती?

गायनाने आजार शमतो, याचा त्यांच्या ग्रंथांतील पहिला दाखला दावीदाचा. शौल राजाला मनोविकार जडला, तो बेचैन होई. सेवकांनी सुचविले की तंतुवाद्य वाजविणारा कोणी आणावा. मेंढपाळाचा मुलगा दावीद आला, त्याने 'किन्नोर' नावाचे वाद्य वाजविले आणि राजाला बरे वाटू लागले. आमचा एखादा उत्साही बुवा असता तर आख्यान इथेच संपवून त्याने टाळ्या घेतल्या असत्या. ग्रंथकार मात्र प्रामाणिक. तो पुढे सांगतो की तोच शौल, तेच वाद्य, तोच वाजविणारा, आणि एके दिवशी वाजविणे चालू असतानाच राजाने दावीदावर भाला फेकला. म्हणजे कालच्या गायनाने जे साधले ते आज साधले नाही. गाणारा तोच होता, त्याच्या भावातही काही उणे नव्हते.

दावीदाच्या नावावर चालत आलेली स्तोत्रे दीडशे. त्यांना 'तहिल्लीम' म्हणतात. कोणी आजारी पडले की नातलग, शेजारी, कधी अनोळखी माणसेही ती म्हणतात. त्यातले ११९ वे स्तोत्र फार मोठे. हिब्रूची अक्षरे बावीस, प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ-आठ चरणे, एकूण १७६. प्रघात असा की आजाऱ्याच्या नावात जी अक्षरे असतील, त्या अक्षरांची चरणे निवडून म्हणावीत. काय सुरेख योजना आहे बघा! त्या पोथीतून त्या आजाऱ्याचे नाव उमटते. आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याची ओळख 'अमक्या आईचा मुलगा' अशी देतात. एरवी धार्मिक विधीत बापाचे नाव चालते, पण दुखण्यात आईचे. याची पंडितांनी कारणे दिली आहेत. मला विचाराल तर दुखणाईत माणसाच्या तोंडी कोणाचे नाव येते हे ज्याने ऐकले आहे, त्याला कारण लागत नाही.

आता खरी गाठ येते. इतके सगळे म्हणूनही त्यांच्या शास्त्राने एका गोष्टीची मनाई केली आहे. मोशे बेन मैमोन (११३८–१२०४) हा त्यांचा मोठा धर्मशास्त्री. तो नुसता पंडित नव्हता, इजिप्तमध्ये सलादीनच्या दरबाराशी संबंध असलेला नामांकित वैद्य होता. त्याने लिहून ठेवले आहे की जखमेवर धर्मवचन पुटपुटून फुंकर घालणारा, किंवा लेकराला झोप लागावी म्हणून त्याच्यावर पवित्र ग्रंथ ठेवणारा माणूस चूक करतो. कारण जे आत्म्याचे औषध, त्याला त्याने देहाचे औषध करून टाकले. स्तोत्रे म्हणावीत, जरूर म्हणावीत, त्यांच्या पुण्याने रक्षण व्हावे अशी आशाही धरावी. पण त्यांचा ताईत करू नये. रोज नाड्या पाहणारा माणूस हे सांगतो, याला महत्त्व आहे. औषध कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक होते.

मग मागावे की मागू नये? आमच्या संप्रदायात निष्काम भक्तीचा बोलबाला फार. देवाकडे काही मागितले की लगेच सकाम म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला हे पटत नाही. गीतेत भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले, त्यांत आर्ताचे नाव आरंभी घेतले आहे, आणि ज्ञानी अधिक प्रिय असला तरी चौघांनाही उदार म्हटले आहे. दुःखात हाक मारणारा भक्त नव्हे, असे कोणत्याही शास्त्रात नाही. यहुदी ग्रंथांतही मोशे हा प्रेषित आपली बहीण मिर्याम कोडाने ग्रस्त झाली तेव्हा सरळ मागतो. त्याची प्रार्थना अवघ्या पाच शब्दांची आहे. ना प्रस्तावना, ना स्तुती, ना नवस. बहिणीला बरे कर, एवढेच. मागणे वेगळे आणि मंत्र घालून देवाला बांधणे वेगळे. मागणाऱ्याला 'नाही' ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. गंडा बांधणारा ती ठेवीत नाही, म्हणून गंडा फसला की तो दोष दुसऱ्यावर ढकलतो.

'नाही' ऐकल्यावर काय करावे, हे दावीदाच्याच चरित्रात आहे. राजा झाल्यावर त्याचे तान्हे मूल आजारी पडले. ते त्याच्याच पापाचे प्रायश्चित्त होते असे ग्रंथ म्हणतो. बापाच्या अपराधाला लेकरू का, हे मला अजून पचलेले नाही, पण ते असो. दावीदाने अन्न सोडले, रात्रंदिवस जमिनीवर पडून राहिला, देवाची करुणा भाकली. सातव्या दिवशी मूल गेले. ही बातमी राजाला सांगायला सेवक धजेनात. मूल जिवंत असताना ही अवस्था, आता जिवाचे काय करून घेईल? दावीदाने कुजबुज ऐकली आणि ओळखले. तो उठला, स्नान केले, कपडे बदलले, देवाच्या मंदिरात जाऊन नमस्कार केला आणि घरी येऊन जेवायला मागितले. सेवक थक्क झाले. त्याने सांगितले ते असे की मूल होते तोवर देवाला दया येईल ही आशा होती म्हणून उपास केला. आता ते परत थोडेच येणार आहे? मीच एक दिवस त्याच्याकडे जाईन.

इथे लक्षात घ्या की सात दिवसांचे आक्रंदन फुकट गेले असे तो म्हणत नाही, आपली प्रार्थना उणी पडली असेही म्हणत नाही. ज्याने 'नाही' म्हटले त्याच्याच दारी तो प्रथम जातो. त्या बाईंना ही कथा मी सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "जेवला मात्र, नाही का?"

तलमूद नावाच्या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात योहानान नावाच्या गुरूच्या गोष्टी आहेत. तो आजाऱ्याजवळ जाई आणि पहिला प्रश्न विचारी की हे दुःख तुला प्रिय आहे का? त्या काळी दुःखाने पाप फिटते, परलोकी फळ मिळते, असे उपदेश चालत, आजही चालतात. आजारी उत्तर देई की दुःखही नको आणि त्याचे फळही नको. यावर गुरू उपदेश करीत नाही. हात पुढे करतो, म्हणतो तुझा हात दे, आणि त्याला उठवतो. पुढे योहानान स्वतः आजारी पडला तेव्हा दुसऱ्या गुरूला येऊन हात द्यावा लागला. ग्रंथ विचारतो, इतरांना उठविणारा स्वतः का उठला नाही? तर कैदी स्वतःला कैदेतून सोडवू शकत नाही म्हणून. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे की आजाऱ्याला भेटायला जाणारा त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. साठावाच, जास्त नाही! हिशेबी माणसांचे शास्त्र, पण खोटे आश्वासन देत नाही.

कोकणातल्या आमच्या या बांधवांनी बरे झाल्यावरची बाजूही जपली. दुखण्यातून उठले, बाळंतीण सुखरूप सुटली, की ते 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, त्यात खोबरे आणि साखर, सोबत फळे, असे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करायचे, गाणी म्हणायची आणि आलेल्यांना वाटायचे. हा एलिया म्हणजे ज्याने विधवेचा मेलेला मुलगा देवाच्या कृपेने उठविला तो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात, तिथे नवस फेडायला लोक जातात. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनास्थळही नवसाचेच म्हणतात. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी ते १७९६ मध्ये बांधले.

अमेरिकेत डेबी फ्रीडमन नावाची एक यहुदी गायिका होऊन गेली. आजाऱ्यांसाठी मंदिरात म्हणावयाची जुनी प्रार्थना आहे, 'मी शेबेराख' म्हणून. तिला फ्रीडमनबाईंनी १९८० नंतरच्या दशकात नवी सोपी चाल लावली, काही शब्द इंग्रजी घातले. गितारीवर गायिलेले ते गीत तिकडे मंदिरांमंदिरांतून शिरले. लोक उभे राहून आपापल्या आजाऱ्यांची नावे उच्चारतात आणि सगळे मिळून गातात. जुन्या वळणाच्या लोकांना वाद्यासह असे गाणे रुचत नाही. तो त्यांच्या घरचा वाद. मूळ प्रार्थनेत आत्म्याचे बरे होणे आधी आणि देहाचे नंतर असा क्रम आहे, तेवढे ध्यानात ठेवावे. फ्रीडमनबाई स्वतः कित्येक वर्षे मज्जासंस्थेच्या विकाराने पीडित होत्या. २०११ च्या जानेवारीत त्या वारल्या. वय साठही नव्हते. ज्या गीताने हजारोंना धीर दिला ते रचणारी बाई बरी झाली नाही, म्हणून तिकडे कुणी ते गीत सोडून दिले नाही.

माणूस गेल्यावर मात्र यहुदी घरात गाणे थांबते. सात दिवस घरचे लोक खाली बसतात. वस्त्र थोडे फाडलेले असते. जेवण शेजाऱ्यांनी आणायचे. समाचाराला येणाऱ्याने, दुःखी माणूस बोलेपर्यंत, आपण बोलायचे नाही असा दंडक आहे. (नंदवाळच्या बाईंकडे आलेल्या त्या शहाण्याला हा दंडक कोणी शिकवला असता तर!) आईबाप गेले असतील तर वर्षभर गाणेबजावणे वर्ज्य. या मौनात एकच गोष्ट म्हटली जाते, तिला 'कद्दिश' म्हणतात. ती बहुतेक अरामी भाषेत आहे. मृताची प्रार्थना म्हणावी तर तिच्यात मृत्यूचा शब्दसुद्धा नाही. गेलेल्याचे नाव नाही, त्याच्यासाठी मागणे नाही. देवाचे नाव मोठे होवो, पवित्र होवो, आणि सर्वांना शांती लाभो, असा तिचा आशय. आईबापांसाठी मुलगा ती अकरा महिने म्हणतो. बारा का नाही? तर बारा महिने शिक्षा दुष्टांना असते अशी समजूत. आपल्या बापाला त्यांत कशाला घाला? म्हणून महिना कमी.

सर्वांत मोठी अट ही की कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष हजर लागतात, कारण ते मधूनमधून उत्तर देतात. सुधारक मंडळी बायकांनाही मोजतात. स्वातंत्र्यानंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे इस्राएल देशात गेली. तिथेही त्यांच्या बायका मराठी गाणी म्हणतात. इकडे कोकणातल्या जुन्या प्रार्थनास्थळांत आता दहा माणसे जमणे कठीण झाले आहे. बाप गेलेला मुलगा आलेला असतो, पोथी उघडलेली असते, नऊजण बसलेले असतात. मग कोणी तरी फोन करतो, आणि दहावा माणूस येईपर्यंत सगळे दाराकडे पाहत थांबतात.