हात उगारण्याआधी

चि. बाळास,


परवा फोनवर सूनबाई म्हणाली, पाढे चुकले म्हणून तू लेकाच्या थोबाडीत मारलीस. मी काही बोलणार, तोच मागून तुझा आवाज आला, "आईनं मला काय कमी मारलंय? बिघडलो का मी?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

मारलं खरं. लाटण्यानं, उलथन्यानं, हाताला येईल त्यानं. दुधाचं पातेलं सांडलंस तेव्हा तर पाठीवर वळ उठले होते. पण त्याच सकाळी तुझ्या आजीनं चार माणसांत माझ्या माहेराचा उद्धार केला होता. सासूला उलट बोलायची सोय नव्हती, नवऱ्यापुढे आवाज चढवायची नव्हती. घरात माझ्याहून दुबळा एकच जीव होता, तो तू. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. तेच पातेलं पाहुण्यांच्या मुलानं सांडलं असतं, तर "असू दे हो" म्हटलं असतं मी.

तू बिघडला नाहीस, पण लपवायला शिकलास. सहामाहीचा गणिताचा पेपर मला गादीखाली सापडला होता, आठवतं?

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम 17नं शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. उद्या बाईंनी याच पाढ्यांसाठी त्याच्यावर हात टाकला, तर तूच तक्रार घेऊन धावशील. स्वीडननं 1979 सालीच आईबापांचाही हात कायद्यानं धरला. आपल्याकडे उंबऱ्याच्या आत तो आपला आपणच धरायचा.

म्हणून सांगते, हात उठला की आधी मनाला विचार, हा राग नक्की कुणावरचा? साहेबाची बोलणी डोक्यात घेऊन पाढे घ्यायला बसू नकोस. हातपाय धू, चहा घे, मग बस. त्या दिवशी जमतच नसेल तर मला फोन लावून दे, सतराचा पाढा मी घेईन. लाड कर असं नाही म्हणत. सांडलं तर त्यालाच पुसायला लाव, पसारा त्यालाच आवरू दे. आणि हात उठलाच, तर "चुकलो" म्हण. त्यानं बाप लहान होत नाही.

मला हे म्हणायला पस्तीस वर्षं लागली: बाळा, त्या दुधासाठी तुला मारलं, ते माझं चुकलं. तू इतका उशीर लावू नकोस. आज रात्री तो झोपायच्या आत म्हण.

तुझी,
आई