दंड भरला म्हणजे दोष फिटला काय?

एखाद्या गांवच्या पंचांनीं राखीव कुरणांत गुरें सोडणारास दंड ठरविला, असें समजा. गरीब मनुष्य भिऊन आपली शेळी आवरतो. सधन मनुष्य पंचांपुढें रुपये मोजतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां वीस म्हशी सोडतो. हटकलें तर म्हणतो, "पैसे दिले ना?" तो खोटें बोलत नाहीं. त्यानें दंडाचा अर्थ भाडें असा केला आहे. आणि तसा अर्थ करण्यास त्यास पंचांनींच शिकविलें कीं काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनीं सन १९२० मध्यें असा विचार मांडला कीं, ज्याच्या धंद्यापासून इतरांस उपद्रव पोहोंचतो, त्याच्यावर कर बसवून तो आवरावा. हें पुष्कळ अंशीं योग्यच आहे. कारण फुकट मिळतें तें मनुष्य उधळतो. परंतु मनुष्याचें मन म्हणजे केवळ तराजू, असें जे यावरून समजतात, त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

स्वित्झर्लंडांत वोल्फेनशीसेन नांवाचें एक लहानसें गांव आहे. अणुशक्तीच्या उपयोगापासून उरणारा किरणोत्सारी कचरा गाडण्यासाठीं १९९३ सालीं त्या गांवची जागा योजिली होती. फ्राय व ओबरहोल्झर-जी या दोघां विद्वानांनीं तेथील रहिवाशांस विचारलें, "हें तुम्हांस चालेल काय?" शेंकडा ५०.८ लोकांनीं होकार दिला. त्यांस धोक्याची भीति नव्हती असें नव्हे. परंतु देशाचें ओझें कोणीं तरी वाहिलेंच पाहिजे, असें त्यांतील पुष्कळांस वाटत होतें. मग त्यांस विचारलें, "सरकारनें प्रत्येकास भरपाई दिली तर?" होकार वाढावयाचा सोडून शेंकडा २४.६ वर उतरला! रक्कम वाढवून पाहिली, तरी फारसा पालट झाला नाहीं. जें कर्तव्य म्हणून पत्करलें होतें, तें विकावयास ते तयार होईनात.

दंडाचीही तीच गति. इस्राएल देशांतील हैफा शहरीं कांहीं बालगृहांनीं, मुलांस नेण्यास उशीर करणाऱ्या आईबापांवर दंड बसविला. उशीर करणारे कमी न होतां जवळजवळ दुप्पट झाले. आणि पुढें दंड काढून टाकला तरी ते पूर्ववत् झाले नाहींत. ही पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. एकदां विकलेली भीड परत मिळत नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

तर मग किंमत लावणें सर्वथा वाईट काय? तसेंही नव्हे. आयर्लंडांत २००२ सालीं प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंटांचा कर बसला, आणि पिशव्यांचा खप शेंकडा ९० हून अधिक घटला. पंधरा सेंटांनीं तेथें कोणी भिकेस लागत नव्हतें. पण शेजाऱ्यांदेखत पिशवी मागणें लाजिरवाणें वाटूं लागलें. तेथील कर लाजेच्या बाजूस उभा राहिला. आमच्या कुरणाचा दंड सधनाची लाज विकत घेतो.

म्हणून गांवच्या सभेंत दंडाची गोष्ट निघाली म्हणजे आम्ही आधीं विचारतों, कुरण कां राखावयाचें, हें सर्वांस पटलें आहे काय? पुष्कळदां सभा तेथेंच अडते. मागें बसलेली एखादी विधवा म्हणते, "माझ्या शेळीनें मग चरावें तरी कोठें?" मग दंडाचा आंकडा बाजूस राहतो, आणि कापून आणलेल्या गवताचा भारा प्रथम कोणाच्या दारीं टाकावा, यावर बोलणें सुरू होतें.