जुम्मा तलावाचे पाणी आणि आपली अमानत

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, जो आकाशातून ठरावीक मापाने पाणी उतरवितो. ते पाणी जमिनीत साठविल्याचा उल्लेख सूरह अल्-मोमिनूनच्या 18व्या आयतीत आला असून, ते काढून घेण्यासही आपण समर्थ आहोत, अशी जाणीव अल्लाहने तेथेच करून दिली आहे. आपल्या विहिरींचे झरे म्हणजे हाच भूमीच्या पोटातील ठेवा होय.

बंधू-भगिनींनो, नागपूरच्या मध्यभागी असलेला गांधीसागर म्हणजेच जुम्मा तलाव. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंड राजा चांद सुलतान याने ओढ्यावर बांध घालून नगराच्या पाण्यासाठी तो निर्माण केला. पुढे अंबाझरी व गोरेवाडा या तलावांनीही शहराची तहान भागविली. आज नळाला मुख्यत्वे पेंच आणि कन्हानचे पाणी येते. ते दुरून येऊ लागले आणि जवळच्या तलावाविषयीची आपली आस्था आटली. जे प्यायचे नाही त्यात काहीही टाकावे, असे जणू आपण ठरवूनच टाकले.

शरीअतची दृष्टी निराळी आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केल्याचे सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. फिकहच्या विद्वानांनी नियम सांगितला की, मोठ्या जलाशयाचे पाणी थोड्याशा नजासतने नापाक होत नाही. परंतु नजासतमुळे त्याचा रंग, वास किंवा चव बदलली, तर ते कितीही विपुल असले तरी नापाक ठरते. म्हणजे तलावात सांडपाणी सोडणारा केवळ घाण करीत नाही. तो हजारो लोकांच्या वुजूचे पाणी हिरावून घेतो.

मग असे पाणी कायमचे गेले काय? नाही. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलमांच्या परिषदेने 1978 मध्ये निर्णय दिला की, शुद्धीकरणानंतर सांडपाण्यात नजासतचा रंग, वास व चव यांचा लवलेशही उरला नाही, तर ते तहारतसाठी वापरता येते. पिण्याबाबत मात्र आरोग्यास अपाय होणार नाही हे पाहावे. हा भेद महत्त्वाचा आहे. निवळ दिसणाऱ्या पाण्यातही रोगजंतू असू शकतात. म्हणून तलावाचे पाणी पिण्यायोग्य करताना तुरटीने गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरांतून ते गाळतात आणि शेवटी क्लोरीन मिसळतात. परंतु वरून नाला वाहतच राहिला, तर ही सारी मेहनत छिद्र पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखी होईल.

भूजल पुनर्भरणात तर अधिक सावधगिरी हवी. माती पाणी गाळते. पण बोअरवेलमध्ये थेट सोडलेले घाण पाणी ही गाळणी ओलांडून खडकांच्या भेगांत शिरते. तेथे ऊन नाही, वारा नाही. आलेली घाण वर्षानुवर्षे रेंगाळते आणि शेजाऱ्याच्या विहिरीत उतरते. स्वतः अपाय सोसू नये व दुसऱ्याला करू नये, हे प्रेषितांचे (स.) तत्त्व येथे लागू होते. पुण्याच्या हेतूने केलेले कामही अज्ञानाने केले तर शेजाऱ्यावर जुलूम ठरू शकते.

आपल्या हाती काय आहे? मशिदीचे छत. 100 चौरस मीटर छतावर 1000 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1 लाख लिटर पाणी मिळते. पहिल्या सरींचे पाणी वगळून उरलेले वाळू, गिट्टी व कोळशाच्या गाळणीतून जमिनीत मुरविता येते. वुजूचे पाणी गटारात न सोडता झाडांना देता येते. शौचालयाचे पाणी मात्र त्यात कदापि मिसळू नये. कुर्बानीचे अवशेष नाल्यात टाकू नयेत, कारण नाला अखेर कोणत्या ना कोणत्या जलाशयाला मिळतोच. आणि प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे एका लिटरहून कमी पाण्यात वुजू करीत, हे नळ उघडताना आठवावे.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. आपल्याला विहीर विकत घ्यायची नाही. जी आहे ती पाक राखायची आहे. हीच आपली सदका-ए-जारिया ठरो. हे अल्लाह, पाण्याची ही अमानत पुढच्या पिढीच्या हाती निर्मळ सोपविण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.