पुत्युलातील सात दिवस

(मननासाठी : प्रेषितांची कृत्ये २८ : ११–१५)



सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. बऱ्हाणपुराहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, येणारी जुनी वाट येथूनच घाट चढत असे. म्हणून मोगलांच्या काळी येथे वाटसरूंसाठी सराई बांधण्यात आली; ती औरंगजेबाच्या वेळची म्हणतात. आज लेणी पाहावयास येणारे लोक तिठ्यावर गाड्या ठेवतात व बसमध्ये बसून सुमारे ४ किलोमीटर आत जातात. सराईकडे मान वळविणारा विरळा. आम्हांस मात्र पौलाचा शेवटचा प्रवास वाचताना हीच सराई आठवते.

तो प्रवास असा. मिलिता बेटावर तीन महिने काढून पौल आलेक्सांद्रियाच्या तारवाने निघाला. सुराकूस येथे तीन दिवस मुक्काम झाला. मग रेगियोन, आणि दक्षिणेचा वारा सुटताच दुसऱ्या दिवशी पुत्युला. ही तिन्ही नगरे आजही नांदत आहेत. पुत्युलास हल्ली पोत्सुओली म्हणतात. ते नेपल्स शहराजवळ आहे. मिसर देशाचे धान्य रोमेसाठी तेथेच उतरत असे. तेथील जुन्या बाजारपेठेचे तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत, व त्यांच्या मध्यभागी समुद्रातील शिंपल्यांनी पाडलेली भोके दिसतात. कारण तेथील जमीन कधी खचून पाण्याखाली जाते, कधी पुन्हा वर येते. १९७० साली जमीन अशीच उचलू लागली तेव्हा टेकडीवरील जुन्या वस्तीतील सर्व लोकांस घरे सोडावी लागली. त्याच टेकडीवरील ख्रिस्तमंदिरास १९६४ साली आग लागली, आणि भिंतींचे आवरण गळून पडताच आतून रोमी देवळाचे खांब उघडे झाले.

परंतु लूकाने या नगराविषयी काय लिहिले? बंदर नाही, बाजार नाही, देऊळही नाही. तेथे बंधू भेटले आणि त्यांनी आम्हांस सात दिवस ठेवून घेतले, एवढेच. त्या बंधूंची नावे दिलेली नाहीत. त्यांस सुवार्ता कोणी सांगितली तेही लिहिलेले नाही. पाहुणा कोण, हे मात्र विसरू नका. तो कैदी होता, शिपायांच्या पहाऱ्यात होता. अशा माणसास घरी बोलाविणे म्हणजे शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येणे. आणि आमच्या मते, पौलासाठी भाकरी थापणाऱ्या बायांनी पहारेकऱ्यांच्याही पोटाची सोय पाहिली असेल.

पुढे अप्पियाच्या पेठेपर्यंत रोमेतील बंधू सामोरे आले. ते अंतर सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे छत्रपती संभाजीनगराहून सिल्लोडला जावे तितके. त्यांस पाहून पौलाने देवाचे आभार मानले व त्यास धीर आला. तारू फुटताना इतरांस धीर देणारा हा मनुष्य. त्यासही धीर लागत होता!

आता आपल्याकडे पाहू. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून भिक्षुसंघास दिले. पावसाळ्यात फिरस्त्या भिक्षूंस निवारा मिळावा म्हणून डोंगर फोडला गेला. ते आपल्या मताचे नव्हते. परंतु वाटसरूची काळजी त्यांनी दगडात लिहून ठेवली. आपण ती कोठे लिहिली आहे?

दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील घरेही असतात. परमुलखात कोपी घालून ती चार-पाच महिने राहतात. जवळच्या गावात मंडळी असते, घंटा वाजते. परंतु कोपीवर कोणी जात नाही. गेला तरी पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कोणत्या मिशनचे?" आणि त्याच्या पाठीमागे दुसरा, न उच्चारलेला प्रश्न असतो, तो पूर्वीच्या जातीचा. पुत्युलाच्या बंधूंनी असे काही विचारले असते, तर पौल ते सात दिवस बंदरावरच बसून राहिला असता. काही जण म्हणतात, आमच्याच घरी दाणा नाही, पाहुण्यास काय घालावे? बंधूंनो, कोपीतील माणूस मेजवानी मागत नाही. तान्हे मूल तापाने फणफणले असता दवाखान्यात सोबत कोण येईल, रविवारी आपणांस कोण हाक मारील, मेलेल्यास मूठमाती देताना प्रार्थना कोण करील, हे तो पाहतो.

उपदेशकांस आमचे सांगणे एवढेच. दसऱ्यापूर्वी आपल्या मंडळीतून कोणती घरे जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यावर, हे विचारून लिहून काढा. तेथील पाळकांस आधीच पत्र धाडा अथवा फोन करा; ते दुसऱ्या मिशनचे असले तरी करा. आणि ज्यांच्या शिवारात परगावच्या टोळ्या उतरतात त्या मंडळ्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन वडील व एक बाई कोपीवर पाठवावी. जाताना गायनाचे पुस्तक न्यावे, आणि शक्य असेल तर थोडे दूधही.