फजितीची सोय

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि भाचीनं एक पत्रक घरी आणलं. दुसऱ्या सत्रातल्या आगामी उपक्रमांचा तक्ता. तारीख, दिनविशेष, पोशाख, जबाबदार शिक्षक आणि शेवटचा रकाना ‘छायाचित्रे व अहवाल’. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: सर्व विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे सहभागी होणे बंधनकारक आहे. लिहिणाऱ्याला यात काही खटकलं नाही, तपासणाऱ्याला नाही, शिक्का मारणाऱ्यालाही नाही. मला मात्र ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं.

तक्त्यात काय असणार, हे शाळेत मूल असलेल्या कुणालाही पाठ असतं. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीचा गणित दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ तारखेला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच टेबलावर, १५ला खाशाबा जाधवांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान. मधेच सहल, विज्ञान प्रदर्शन, आणि डिसेंबरच्या अखेरीस या सगळ्यांना झाकून टाकणारं स्नेहसंमेलन, म्हणजे आपलं गॅदरिंग. दिवसांची ही गर्दी, शिक्षकांच्या मागे लागलेले अहवाल, फोटोपुरता फुलणारा उत्साह, यांवर एव्हाना इतकं लिहून झालं आहे की मी त्यात भर घालत नाही. माझं मत मात्र पत्रक वाचता वाचताच तयार झालं होतं. हे ‘दिवस’ सगळे बंद करावेत आणि गॅदरिंग तेवढं ठेवावं. वर्षातून एकदाच काहीतरी करावं, पण ते जीव ओतून करावं.

हे मत मी आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना ऐकवलं. त्यांचा मुलगा नववीत आहे आणि त्याचं अकरावीचं कॉलेज आताच ठरलं आहे. हे कॉलेज म्हणजे जिथे जायचं नसतं असं ठिकाण. प्रवेश तिथे घ्यायचा, शिकायचं ‘टाय-अप’वाल्या क्लासमध्ये, आणि प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं. याच दुखण्यावर सरकारनं २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचं औषध काढलं होतं. औषध कुठे गेलं कोण जाणे, दुखणं ठणठणीत आहे.

गृहस्थ म्हणाले, “अर्धवट कशाला? सगळंच बंद करा. शाळेनं शिकवावं. नाचायचं असेल त्याला डान्स क्लास आहे, बोलायचं असेल त्याला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आहे.” त्यांच्याकडे आकडेही होते. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला कामाचे २२० दिवस आणि अध्यापनाचे १,००० तास मागतो. त्यातले हारतुरे आणि भाषणं किती खातात, याचा हिशेब शाळेनं पालकांना द्यावा, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांचं बरोबर आहे आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केलं. पण ज्या गोष्टीचा बाहेर क्लास निघतो ती शाळेतून वजा करायची, हा त्यांचा हिशेब काही मला झेपेना. या न्यायानं सगळ्यांत आधी गणित वजा करावं लागेल, कारण सगळ्यांत जास्त क्लास त्याचेच आहेत. मी तसं म्हणालो, ते हसले, आणि मला वाटलं वाद जिंकला.

मग ते सहज बोलून गेले. “आणि तुमच्या त्या गॅदरिंगचं कौतुक मला सांगू नका. ड्रेसचं भाडं भरलं, मेकअपचे पैसे भरले, आणि मुलगा शेवटच्या रांगेत. कोरिओग्राफर म्हणाले, याची उंची जास्त आहे आणि स्टेप चुकते. पुढे उभा केला असता तर डान्स बिघडला असता.”

वाद तिथेच संपला. माझ्या डोक्यात मात्र तो तिथून सुरू झाला. डान्स बिघडला असता म्हणून मुलगा मागे. म्हणजे डान्स मुलासाठी नव्हता, मुलगा डान्ससाठी होता.

ज्या गॅदरिंगचा मी कैवार घेतला होता ते आता फारसं कुठे शिल्लक नाही. ते पटांगणात बाक जोडून केलेल्या रंगमंचावर होत असे. नाटुकलं मराठीच्या बाईंनी लिहिलेलं, शिवाजी महाराजांची दाढी कापसाला काजळ फासून केलेली, पडदा ओढणाऱ्या मुलाचं निम्मं लक्ष नाटकात अडकलेलं, त्यामुळे पडदा कधी आधी पडायचा तर कधी पडायचाच नाही. आता नाट्यगृह भाड्यानं घेतात, मागे एलईडीची भिंत असते, नाच बसवायला बाहेरचे लोक येतात. अनेक ठिकाणी तर नाटकातले संवादसुद्धा आधी ध्वनिमुद्रित करतात. मुलांनी मंचावर फक्त ओठ हलवायचे. कुणी वाक्य विसरू नये म्हणून ही व्यवस्था. तिच्यामुळे वाक्य विसरणंच अशक्य झालं आहे. त्याबरोबर मागून फुसफुसत पुढचा शब्द देणारा मित्र गेला, विसरलेलं वाक्य भलत्या वाक्यानं सावरून नेणारी मुलगी गेली, आणि ‘आज मी सावरलं’ ही तिची आयुष्यभर पुरणारी कमाईही गेली. प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याला यातलं काही जाणवत नाही, कारण आपण मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत असतो.

आता मी बंद करायला निघालो होतो ते दिवस पाहा. गणित दिनाला नाट्यगृह नसतं. त्याला बजेट नाही, कोरिओग्राफर नाही, बघायला येणारे पालक नाहीत. त्याची कुणालाच पर्वा नसते, म्हणून तो सरळ नववीच्या एखाद्या तुकडीच्या गळ्यात मारला जातो. परिपाठाला दहा मिनिटं मिळतात. एक जण फलकलेखन करतो, एक सूत्रसंचालन, एक मुलगी माहिती सांगते. माहिती बहुधा १७२९ चीच असते, रामानुजन यांच्या टॅक्सीच्या गोष्टीतली. दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येणारी ती सगळ्यांत लहान संख्या. समजा फळा लिहिणाऱ्यानं गडबडीत १७९२ लिहिलं. खाली बसलेली सहावीतली एखादी मुलगी बोटांवर हिशेब करते, दहाचा घन हजार, नवाचा ७२९, आणि हात वर करते. सगळ्या शाळेसमोर नववीचा मुलगा डस्टर शोधत फिरतो. तक्त्याच्या दृष्टीनं हा कार्यक्रम फसला. मला विचाराल तर त्या वर्षीचा खरा गणित दिन तेवढाच.

आभारप्रदर्शनाचंही तसंच. ते काम कुणालाच नको असतं, म्हणून ते सगळ्यांत नवख्या मुलाकडे जातं. तो न आलेल्या पाहुण्यांचे आभार मानतो, आलेल्यांचं नाव चुकवतो, मुख्याध्यापकांना विसरतो, आठवल्यावर पुन्हा मागे जातो. वाऱ्यात न पेटणारी समयी, किरकिरणारा माइक, आयत्या वेळी हरवलेला हार, ही सगळी त्याची जबाबदारी असते आणि यातली एकही गोष्ट पाठ करून येत नाही.

माझी अशी समजूत होत चालली आहे की शाळा नावाच्या जागेचं एक मोठं काम म्हणजे फजितीची सोय करणं. घरी फजिती होत नाही, कारण घरचे सांभाळून घेतात. नोकरीत ती परवडत नाही. क्लासमध्ये तिला गुणांची शिक्षा आहे. चार लोकांसमोर काहीतरी करायला जावं, ते फसावं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार लोकांत डबा खायला बसता यावं, याला शाळेसारखी दुसरी जागा नाही.

इथे एक फरक करायला हवा. आपली फजिती होणं वेगळं आणि कुणी आपली फजिती करणं वेगळं. पहिली गोष्ट आपण काही करायला गेलो म्हणून घडते, दुसरी आपण कुणी आहोत म्हणून.

गॅदरिंगला एके काळी शेलापागोटे असायचे, इंग्रजी वळणाच्या शाळांत त्यांनाच फिशपाँड म्हणत. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाला काय भेट द्यावी ते ओळ जुळवून लिहायचं, आणि सूत्रसंचालक सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. झोपाळू सरांना उशी, उत्तरं सांगत सुटणाऱ्या मुलीला कुलूप. मला हा प्रकार फार आवडायचा. निनावीपणात मुलांना पहिल्यांदा शब्दांची धार कळायची, यमक जुळवता जुळवता दोन-चार कवीही निघायचे. आता बहुतेक शाळांनी ते बंद केलेत आणि हळहळणाऱ्यांचा एक पंथ आहे. मीही त्या पंथात मोडतो, पण पुरता नाही. कारण त्या डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या उशी-कुलपाच्या नसत. जाड मुलीवर, काळ्या मुलावर, तोतऱ्यावर, घरी गावाकडची भाषा बोलणाऱ्यावरही असत. त्या मुलांनी काही करायला जाऊन फजिती ओढवून घेतलेली नव्हती. ती नुसती वर्गात बसली होती. चांगले सूत्रसंचालक अशा चिठ्ठ्या डब्यातच गुपचूप ठेवून देत. चांगले सूत्रसंचालक मात्र दरवर्षी मिळत नाहीत.

हा फरक किती खोल जातो हे शाळेच्या अशाच आणखी एका दिवसावरून कळतं. ७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. १९०० साली या तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. या शाळाप्रवेशाची आठवण म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०१७ पासून हा दिवस ठरवला. तो पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. २०१८ मध्ये तर त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. एरवी त्या दिवशी निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा होतात, आणि ‘आंबेडकर आजन्म विद्यार्थी राहिले’ हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं.

त्या विद्यार्थ्याचं विद्यार्थिजीवन कसं होतं, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर, आणि ते रोज परत न्यायचं, कारण झाडणारा माणूससुद्धा त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधली एक हकिकत त्यांच्या चरित्रात येते. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. फळ्यामागे मुलांनी डबे ठेवले होते. ते विटाळू नयेत म्हणून वर्ग फळ्याकडे धावला आणि डबे बाजूला झाले, तेव्हा कुठे तो मुलगा फळ्यापर्यंत पोहोचला. तिथे जाऊन उदाहरण चुकलं असतं तर ती नुसती एका मुलाची चूक ठरली असती का? त्याच्या चुकीला त्याची जात चिकटली असती. शाळेत नाव दाखल होणं आणि फळ्यावर जाऊन निर्धास्तपणे चुकता येणं, यांतलं अंतर एका रजिस्टरनं कापलं जात नाही.

म्हणून फजितीच्या सोयीचा पुरस्कार करताना मला जरा दचकायला होतं. ही सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही. वकिलाचा मुलगा भाषण विसरला तर तो ‘विसरला’. वीटभट्टीवरच्या बाईच्या मुलीनं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर ‘यांचं असंच’. पहिल्याला पुन्हा माइक मिळतो, दुसरी आपणहून मागच्या रांगेत जाऊन उभी राहते, आणि पुढच्या वेळी नावं मागवली की खाली बघते. उत्स्फूर्त सहभागाचा सगळा घोळ इथे आहे. जे हात वर होतात त्यांतले बरेच आधीच पुढे असलेल्यांचे.

याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींनी येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि कामं आपल्या हातांनी करत. अशा घरात भाकरी करपली तर ती एकाची नामुष्की राहत नाही, सगळ्यांच्या ताटात येते. कामं पाळीपाळीनं येत असतील तर फजितीही पाळीपाळीनं येते, आणि पाळीनं आलेल्या गोष्टीची कुणाला लाज वाटत नाही. कोण आहेस हा प्रश्न मागे पडतो, आज पाळी कुणाची एवढाच उरतो.

तेव्हा मी निघालो होतो एका मुक्कामाला आणि पोहोचलो भलत्याच. दिवस राहू द्यावेत, सगळे नाहीत तरी बरेचसे, आणि गॅदरिंगकडे जरा संशयानं पाहावं. मात्र दिवस ठेवताना दोन अटी. फोटोचा रकाना खोडावा, कारण तो आला की चुकणारं मूल चौकटीबाहेर जातं. आणि सहभाग उत्स्फूर्तही नको, बंधनकारकही नको. हजेरीपटाच्या क्रमानं पाळी असावी. फलक, माइक, आभार, समयी, सगळं क्रमांकाप्रमाणे. गॅदरिंगला हीच अट लावून पाहावी. ध्वनिमुद्रित संवाद बंद, उंचीप्रमाणे रांगा बंद. ते पूर्वीपेक्षा वाईट होईल यात शंका नाही.

अडचण मुलांची नाही, मुलं यातून सहज निभावतात. अडचण आपली आहे. भाडं भरून आलेल्या पालकाला रटाळ नाटक बघवत नाही, संस्थाचालकाला पाहुण्यांसमोर माइक बंद पडलेला चालत नाही, मुख्याध्यापकांना शेजारच्या शाळेचं गॅदरिंग दिसत असतं. चांगला कार्यक्रम पैसे टाकून कुणाकडूनही बसवून घेता येतो. वाईट कार्यक्रम मुलांच्या हातांनी शेवटपर्यंत होऊ द्यायला मोठ्यांकडे थोडं धारिष्ट लागतं, आणि ते मात्र भाड्यानं मिळत नाही.