पदकाचा मालक कोण?

अमेरिकेत जुन्या युरोपीय युद्धपदकांचा व्यापार उघडपणे चालतो. जर्मन आयर्न क्रॉस, फ्रेंच क्रोआ द गेर, ब्रिटिश वॉर मेडल, टोपीवरचे बिल्ले, तोफगोळ्यांच्या पितळी पुंगळ्यांतून घडवलेल्या फुलदाण्या असा सगळा माल लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत मिळतो. ‘ऑर्डर्स अँड मेडल्स सोसायटी ऑफ अमेरिका’ ही संग्राहकांची संस्था १९५० पासून या विषयाचा अभ्यास करते. शौर्यासाठी दिलेली वस्तू पैसे मोजून घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते, हा या व्यवहारातला तात्त्विक प्रश्न आहे.

त्याची अर्धी बाजू मालकीची, आणि मालकीचा विचार धर्मशास्त्राने बारकाईने केला आहे. गौतम धर्मसूत्र मालकीचे पाच मार्ग सांगते: वारसा, खरेदी, वाटणी, बेवारस वस्तूचा स्वीकार आणि सापडलेले धन. क्षत्रियासाठी त्यात जिंकलेल्या धनाची भर पडते. अमेरिकी घरांतली पुष्कळशी जर्मन पदके याच शेवटच्या मार्गाने आली. १९४५ मध्ये परतणारे सैनिक ती सामानात घालून घेऊन आले. काहींकडे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखलाही असे आणि आज तो सोबत असला की वस्तूची किंमत चढते. मात्र १९२९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याची पदके काढून घेण्यास मनाई केली होती. म्हणजे रणांगणावर पडलेला क्रॉस उचलणे आणि कैद्याच्या छातीवरचा उतरवणे यांत फरक होता. सत्तर-ऐंशी वर्षांनंतर नातवाच्या पेटीत दोन्ही क्रॉस सारखेच दिसतात.

मालकीचा दोष काळाने झाकला जातो, असे मानले तरी उरलेली अर्धी बाजू सुटत नाही. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रावरील ग्रंथात स्वत्व, म्हणजे मालकी, लौकिक ठरते: लोकव्यवहाराने निर्माण होणारे आणि व्यवहारानेच दुसऱ्याकडे जाणारे. नैयायिक रघुनाथ शिरोमणीने तर स्वत्वाला वेगळा पदार्थच, म्हणजे अस्तित्वाचा स्वतंत्र प्रकारच, मानले. पण पदकाशी जोडलेला गौरव हे स्वत्व नव्हे. तो कर्ता आणि त्याचे कर्म यांच्यातला संबंध आहे, आणि कोणतीही विक्री त्याला हात लावू शकत नाही. केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे आणि न केलेल्याचे फळ पदरी पडणे, म्हणजे कृतनाश आणि अकृताभ्यागम, हे भारतीय दर्शनांनी तर्कातले दोष मानले आहेत. दुसऱ्याचे पदक छातीवर लावणारा नेमका दुसरा दोष ओढवून घेतो.

अमेरिकी कायदा या प्रश्नाशी झगडला आहे. कॅलिफोर्नियातल्या झेवियर अल्वारेझ याने आपल्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाल्याचे खोटेच सांगितले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नुसत्या खोट्या दाव्याला गुन्हा ठरवणारा कायदा रद्द केला. २०१३ च्या नव्या कायद्याने पैसा किंवा लाभ उकळण्यासाठी केलेला दावाच शिक्षापात्र ठरवला. ‘मेडल ऑफ ऑनर’ विकताही येत नाही. परदेशी पदकांना हे संरक्षण नाही, म्हणून संग्राहकाची जबाबदारी वाढते.

गौरव पदकाच्या धातूत नसतो, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मरणोत्तर पदके देतात. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. त्यांना दिलेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या हाताला कधी लागलाच नाही. तरी तो त्यांचाच.

म्हणूनच संग्राहकाच्या हातून होणारा मोठा अपराध खरेदी हा नसून संबंध तोडणे हा आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ही कड घासून टाकली, किंवा एकाच माणसाच्या तीन पदकांचा संच जास्त पैसे मिळतात म्हणून तीन गिऱ्हाइकांत वाटला, की मालकी राहते आणि माणूस हरवतो. आयर्न क्रॉसवर तर बहुधा नाव नसतेच. तिथे कागद आणि छायाचित्रे हाच दुवा. नीट नोंदी ठेवणारा संग्राहक विश्वस्ताच्या जवळ जातो. केवळ दुर्मीळ साच्यांच्या मागे लागणाऱ्याला तो मान देणे कठीण आहे.

नाझी राजवटीच्या पदकांत प्रश्न उलटा होतो: वस्तूला पाप चिकटते का? २००० मध्ये फ्रेंच न्यायालयाने याहूला फ्रान्समधल्या ग्राहकांसाठी अशा वस्तूंचे लिलाव बंद करायला सांगितले आणि २००१ च्या आरंभी कंपनीने हे लिलाव सर्वत्र थांबवले. अमेरिकेत मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्यामुळे विक्री कायदेशीरच राहिली. गौरव धातूत नसेल तर पापही धातूत नसावे, हे तर्काला धरून आहे. पण चिन्ह वापरणाऱ्याचा हेतू धातूबाहेरचाच असतो आणि तो तपासावाच लागतो. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने वेगळी वाट काढली. स्वस्तिक काढून त्या जागी ओकची पाने घातलेला क्रॉस जुन्या सैनिकांना लावता येऊ लागला. अमेरिकी बाजारात मूळ १९३९ चा, स्वस्तिक असलेला साचा त्याहून अधिक मागणीचा आहे.