फुगडीतला हात

माउली, ज्ञानोबा-मुक्ताईंना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले गेले, हे कीर्तनात ऐकताना आपले डोळे भरून येतात. आणि आपल्याच आळीत एखाद्या तोतऱ्या पोराची मुले नक्कल करतात, तेव्हा? ‘पोरेच ती, चालायचेच!’ मीही असे म्हटले आहे.

यंदा सप्ताहात काल्याच्या दिवशी मुलांची फुगडी होऊ द्या. मात्र जोड्या त्यांच्यावर सोडू नका, नाहीतर तो पोरगा खेळातही कडेलाच उभा राहील. आधी त्याला विचारा. तो हो म्हणाला, तर चिडवणाऱ्याचा हात त्याच्या हातात द्या. फुगडीत दोघांनीही मागे झुकायचे असते. एकाने हात सोडला की दोघेही पडतात. खेळून झाले की वारीतल्यासारखे एकमेकांच्या पाया पडू द्या, आधी चिडवणाऱ्याने. मग काला वाटायला त्या दोघांनाच पुढे करा.